कप्तानांच्या बसचा नवा प्रोसेसर

कप्तान पायात बूट घातल्याशिवाय गाडी चालवत नाहीत. टेबलावरचीसुद्धा नाही.

दुपारचा चहा झाला की ते मोजे चढवतात, नाड्या बांधतात आणि शेवटच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. एके काळी ही मुलीची अभ्यासाची खोली होती. आता तिथे टेबलाच्या कडेला पकडीने आवळलेलं एक स्टिअरिंग आहे, टेबलाखाली पेडल आहेत आणि पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीशी एक वीट टेकवलेली आहे. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, साधी, चार पायांची. जावयाने फिरती खुर्ची आणून दिली होती, ती पहिल्याच दिवशी गॅलरीत गेली. "ब्रेक दाबला की ड्रायव्हरच मागे जातो," कप्तान म्हणाले, "अशी बस मी कधी पाहिली नाही."

उभं आयुष्य त्यांनी शहराची बस चालवली. दार बंद करताना "जागा घ्या, जहाज निघतंय" असं ओरडायची सवय होती, म्हणून डेपोत त्यांचं नाव कप्तान पडलं आणि पुढे इमारतीतही तेच चालू राहिलं. शेवटची काही वर्षं ते नव्या ड्रायव्हरांना शिकवत. निवृत्त झाल्यावर ते घरात असे काही फिरू लागले की पत्नीने जावयाला गाठून सांगितलं, "यांना कुठेतरी बसवा." पत्नी इस्पितळात एक्सरे काढायच्या; तिथे त्यांना सगळे एक्सरेबाई म्हणत. जावयाकडे लग्नाआधीच्या हौशीचा एक भला मोठा काळा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. त्याने तो आणून जोडला, बस चालवायचा एक खेळ त्यात घातला आणि सासऱ्यांना बसवलं. डब्याच्या आत रंगीबेरंगी दिवे लागत होते. कप्तानांनी ते आधी बंद करायला लावले. ड्रायव्हरच्या डोळ्यावर उजेड येता कामा नये.

खेळात वेगवेगळे मार्ग होते. कप्तान एकच चालवायचे. तो बाजाराच्या चौकातून जायचा. तिथे चारी बाजूंनी माणसं, हातगाड्या, सायकली, मध्येच उभी केलेली मालाची गाडी. मोकळ्या रस्त्यावर बस काय, कोणीही चालवतो, असं त्यांचं म्हणणं.

घरात मात्र त्यांना एकच खरी ड्युटी उरली होती. सकाळी छोट्या गाडीतून नातीला शाळेत सोडायचं. मुलगी पलीकडच्या रस्त्यावर राहायची, तिला आणि जावयाला लवकर निघावं लागे. नात दप्तर घेऊन खाली उभी असायची आणि कप्तान तिच्या पुढ्यात अचूक दार येईल अशी गाडी लावायचे.

एका सकाळी शाळेजवळच्या पादचारी पट्ट्यांपाशी त्यांनी करकचून ब्रेक मारला. झालं काहीच नाही. पण नातीला ती दिवसातली सर्वांत मोठी घटना वाटली आणि घरी जाऊन तिने ती रंगवून सांगितली. "माझा डबा टुणकन पुढे गेला! आणि एक काका आजोबांना खूप काहीतरी बोलले. आजोबांनी काच वर केली."

मुलगी त्याच दिवशी 'सहज' आली. आईशी दोन शब्द बोलून तडक शेवटच्या खोलीत गेली आणि वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली. बस बाजाराच्या चौकात शिरत होती. गर्दी दाटली तसं पडद्यावरचं चित्र अडखळलं, क्षणभर गोठलं, आणि पुन्हा हललं तेव्हा एक सायकलवाला बसखाली होता.

"बाबा!"

"मशीन अडखळलं," कप्तान मान न वळवता म्हणाले.

"गाडी तुम्ही चालवत होतात."

"चित्रच थांबलं तर मी काय करू? डोळे मिटून ब्रेक मारू?"

"आणि सकाळी? सकाळीही चित्र थांबलं होतं का?"

यावर कप्तानांनी बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. खेळातलं इंजिन बंद करायची काही गरज नसते, पण ते बोलायच्या आधी नेहमी करत.

"हे मशीन म्हातारं झालंय," ते म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी खेळ नवीन झाला, तेव्हापासून बाजारात ते धापा टाकतं. विचार तुझ्या नवऱ्याला."

"विचारते. आणि करूनही घेते नीट. पण मग माझ्यासमोर एकदा हाच रस्ता चालवायचा. नीट झालेल्या मशीनवरही कोणी खाली आलं, तर गाडीची किल्ली माझ्याकडे. शाळेचं मी बघीन काय ते."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"तर मी परत तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"लिहून देशील?"

"बाबा."

"बरं, बरं."

जावई शनिवारी आला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आलेख उघडला आणि सासऱ्यांना बस चालवायला सांगितली. मोकळ्या रस्त्यावर रेघ निवांत होती. बाजार जवळ आला तशी ती चढत गेली आणि चौकात जाऊन छताला टेकली.

"हा प्रोसेसर," जावई म्हणाला. "चित्र काढायचं काम दुसऱ्या भागाचं आहे, ते ठीक चाललंय. पण कोणता माणूस कुठे चाललाय, कोणती सायकल कधी वळणार, कोण कोणाला बघून थांबणार, हे सगळं याला ठरवावं लागतं. गर्दी झाली की याला झेपत नाही."

कप्तानांनी थोडा विचार केला. "म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे. कंडक्टर म्हातारा झालाय."

"तसंच काहीसं."

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला. "ड्रायव्हर ठीक आहे!"

"ते मशीनबद्दल बोलतायत," आतून उत्तर आलं.

डब्यातल्या त्याच मुख्य बोर्डावर बसेल असा एक ताज्या दमाचा प्रोसेसर जावयाने मागवला. पार्सल बुधवारी आलं. जावयाने फोनवर सांगितलं, "मी रविवारी येऊन बसवतो. तोपर्यंत फक्त डबा उघडून धूळ काढून ठेवा, बाकी कशाला हात लावू नका." कप्तानांनी यातलं डबा उघडायचं तेवढं मनावर घेतलं. दुसऱ्याने बॉनेट उघडलेली गाडी त्यांनी आयुष्यात कधी आधी स्वतः पाहिल्याशिवाय बाहेर काढली नव्हती. रविवारी मुलीसमोर जे मशीन चालवायचं, ते आपल्या हाताखालून गेलेलं असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

त्यांनी घाई मात्र केली नाही, हे नोंदवायला हवं. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. उमेदवारीच्या काळात तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. तेव्हापासून एक नियम त्यांनी स्वतः पाळला आणि हाताखालच्या प्रत्येक पोराकडून घोकून घेतला. गरम इंजिनाला हात लावायचा नाही. त्यामुळे बुधवारी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, डब्याची बाजू उघडली आणि बुधवारची बस रद्द केली. गुरुवारी न्याहारीनंतर पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावून पाहिलं. चांगल्या गार पडल्या होत्या. मग त्यांनी पकडी सोडवल्या, पंखा दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला.

तो आला नाही. त्यांनी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि पंखा हातात आला. त्याच्या बुडाला जुना प्रोसेसर तसाच चिकटून आला होता. ज्या जागी तो खटक्याने अडकवून ठेवलेला असतो, त्या जागेतून तो मुळासकट उपटला गेला होता. खालच्या बाजूला केसासारख्या बारीक सोनेरी पिनांचं दाट रान होतं आणि एका कोपऱ्यातलं रान आडवं झालं होतं.

कप्तानांनी तो कोपरा बराच वेळ पाहिला. नंतर त्यांना आठवलं की हा तर जुना, टाकायचाच होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. पंखा वर्तमानपत्रावर ठेवून त्यांनी जावयाला फोन लावला, तो बातमी दिल्यासारखा.

"जावईबापू, जुना काढला. जरा वाकडा झाला, पण तो काय, जाणारच होता."

"वाकडा म्हणजे?"

कप्तानांनी सांगितलं.

"तुम्ही आधी मशीन चालवून गरम केलं होतं ना?"

"गरम? काल सकाळपासून गार करत ठेवलंय!"

जावई हसला. हसू आवरायचा प्रयत्न करून पुन्हा हसला. मग त्याने समजावून सांगितलं, की पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक लेप असतो. तो गार पडला की डिंकासारखा धरतो. म्हणून आधी मशीन तासभर दामटायचं, लेप मऊ होऊ द्यायचा आणि मग पंखा ओढायचा नाही, तर हलकेच पिळून सुटा करायचा.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मी हात लावू नका म्हणालो होतो."

कप्तानांनी तो मुद्दा सोडून दिला.

"आणि बाबा, जुना टाकायचा नाहीये अजून. आपला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्डातला प्रोग्राम आधी बदलावा लागतो, आणि तो बदलायला मशीन चालू हवं. म्हणजे जुना प्रोसेसर जिवंत हवा. एकदा तरी."

"आणि नाही झाला तर?"

"तर दुसरा जुना शोधावा लागेल. मिळेल महिन्या-दोन महिन्यांत. तोपर्यंत…" तो अडखळला. "तोपर्यंत शाळेचं ती बघते म्हणालीय."

एक्सरेबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी पंखा उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्याजवळ धरला. "वाकल्यात," त्या म्हणाल्या. "तुटलेली दिसत नाही."

जावई काम सोडून मोबाइलच्या पडद्यावर आला. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा एक्सरेबाईंनी पंख्याच्या बुडावर सोडली, आणि कप्तानांनी या वेळी न ओढता, कडा धरून, अंगठ्याने पीळ देत प्रोसेसर सुटा केला. पुढचं काम पिनांचं. नातीची बटण दाबायची पेन्सिल इथे राहिली होती. तिच्यातलं शिसं काढलं की टोकाची नळी बरोबर एका पिनेवर बसते, ही जावयाची युक्ती. नळी बसवायची, पीन हलकेच उभी करायची, पुढच्या पिनेवर जायचं. एक तुटली की खेळ खलास.

कप्तानांनी टेबल खिडकीशी ओढलं, बूट घातले आणि बसले.

"बूट कशाला?" मोबाइलमधून जावई म्हणाला.

"त्यांना करू दे," एक्सरेबाई म्हणाल्या. नवऱ्याचा हात पहिल्या पिनेकडे गेला तेव्हा त्यांचा आवाज आपोआप कामावरचा झाला. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका… हं, सोडा."

"मी काय पेशंट आहे?"

"बोलू नका. श्वास घ्या. धरा."

पीन उभी राहिली. दुसरी राहिली. तिसरी जरा जास्त उभी राहून पलीकडे कलली, तिला परत आणलं. मध्ये शेजारीण काहीतरी मागायला आली आणि खोलीतला प्रकार बघून काही न मागता परत गेली. जेवणाची वेळ टळून गेली होती. कोपरा हळूहळू बाकीच्या रानासारखा दिसू लागला. कप्तानांनी प्रोसेसर जागेवर ठेवला. तो आपल्या वजनाने खाली बसला. खटका लावला, लेपाचा नवा थेंब टाकला ("बाबा, हे बेअरिंगचं ग्रीस नाहीये, बस, बस!"), पंखा बसवला, वायर जोडली.

मशीन चालू झालं.

जावयाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे कप्तानांनी बोर्डातला प्रोग्राम बदलला. मग कप्तानांनी म्हाताऱ्या प्रोसेसरला बाजाराच्या चौकात शेवटचं तासभर पळवलं, डबा चांगला तापल्यावर मशीन बंद केलं, आणि मनगटावरच्या डागाकडे एकदा बघून गरमागरम पंखा हलकेच पिळला. सायीसारखा सुटला. संध्याकाळी नवा प्रोसेसर जागेवर होता.

रविवारी मुलगी आली आणि पुन्हा त्याच जागी, खुर्चीमागे उभी राहिली. जावई दाराला टेकला. नातीला मांडीवर बसायचं होतं, तिला "ड्रायव्हरशी बोलू नये" असं सांगून आजीकडे देण्यात आलं.

चित्र पाण्यासारखं वाहत होतं. कप्तानांनी थांब्यावर थांबा घेतला, म्हातारीला चढायला वेळ दिला, मालाच्या गाडीला वळसा घातला. बाजाराचा चौक आला. माणसं आली, हातगाड्या आल्या, आणि पडदा एकदाही अडखळला नाही. बस गर्दीतून वाट काढत, वळण घेऊन, कोणालाही न शिवता पलीकडे निघाली.

"झालं?" कप्तान म्हणाले.

मुलीने वाकून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "झालं. चकार शब्द नाही."

"उद्या पोरीला खाली वेळेवर उभी कर. मागच्या आठवड्यात दोनदा उशीर झाला."

"हो, कप्तान."

त्या दुपारी घरात सगळे जोरजोरात बोलत होते आणि कप्तानांनी दोन वेळा चहा मागितला.

सोमवारी ते नातीला सोडून आले. मंगळवारीही. मंगळवारी दुपारी त्यांना वाटलं, रविवारची फेरी एकदा बाहेरून बघावी. खेळात तशी सोय होती. झालेली फेरी वरून, मागून, रस्त्याच्या कडेने, कुठूनही बघता येई. जुन्या मशीनला ते जमायचं नाही. ते बूट न घालता बसले, कारण चालवायचं काही नव्हतं, आणि स्वतःची बस वरून बघू लागले. बस देखणी चालली होती. चौकाच्या वळणावर त्यांनी चित्र संथ केलं.

कडेच्या गल्लीतून एक सायकलवाला निघाला होता. बस वळत होती आणि तो तिच्या कुशीतच येत होता. अगदी शेवटच्या क्षणी त्याने ब्रेक दाबले, पाय टेकले आणि बस त्याच्या पुढच्या चाकापासून बोटभर अंतरावरून निघून गेली.

हा सायकलवाला कप्तानांना रविवारी दिसला नव्हता. त्यांनी चित्र मागे घेतलं आणि आपल्या सीटवरून पाहिलं. तो काचेत होता. आरशातही होता. पडदा सुरळीत होता. बसचा वेग एवढासाही कमी झाला नव्हता.

जुन्या मशीनवर हाच माणूस बसखाली गेला असता, कारण थांबायचं हे त्याला सुचेपर्यंत मशीनची दमछाक झालेली असायची. नव्या प्रोसेसरने सायकलवाल्याला वेळेवर अक्कल दिली होती. थांबला होता तो. कप्तान थांबले नव्हते.

त्यांनी पत्नीला हाक मारली. त्यांनी तो तुकडा दाखवला, काही न सांगता. एक्सरेबाईंनी बघितला. पुन्हा लावायला सांगितला. मग हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"काय?" कप्तान म्हणाले.

"काय, काय?"

"तू गप्प झालीस."

इस्पितळात त्यांना नियम होता; फोटो काढायचा, त्यात काय दिसतंय ते पेशंटला सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगतील. इतकी वर्षं संसार करून कप्तानांना एवढं कळलं होतं, की ही काही सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

"बोल. मी पेशंट नाही."

"तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाही," एक्सरेबाई म्हणाल्या. "उशीर नाही झाला तुम्हाला. हात अजून पक्का आहे, ते त्या पिनांच्या वेळीच बघितलं मी. पण कडेचं तुम्हाला दिसत नाहीये. डोळे तपासून घेऊ. आधी ते."

"त्या सकाळीसुद्धा," कप्तान म्हणाले, "तो माणूस कडेनेच आला होता."

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा मंद घुमत होता. नव्या प्रोसेसरला एवढ्याशा कामाचं काही वाटत नव्हतं. मुलीने पाहिलं नव्हतं, जावयाने पाहिलं नव्हतं, आणि चित्र पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं. कप्तानांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी नंतर पत्नीला तसं सांगितलंही. पण डेपोत ते नव्या पोरांना एक प्रश्न नेहमी विचारायचे. आज तुमच्यासाठी किती जणांनी ब्रेक मारला? पोरं गोंधळायची. आपण किती वेळा मारला ते सगळ्यांना आठवायचं.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"काही झालं नाही. उद्यापासून शाळेला मी येत नाही."

"का? आता काय? मी काही बोलले का?"

"तू चकार शब्द बोलली नाहीस. रविवारी एक सायकलवाला मला दिसला नाही. त्याचं नशीब की मशीन नवीन होतं. संध्याकाळी ये, दाखवतो."

मीटिंगमधलं कोणीतरी मागे बोलत होतं. "बरं," ती म्हणाली. मग तिच्या आवाजात नेहमीची घाई आली. "पण बाबा, मग उद्या कोण सोडणार तिला? माझं साडेसातला…"

"तुझी आई."

"आईला गाडी येते?"

"लायसन्स आहे तिच्याकडे. मीच शिकवलं होतं. पहिल्या फटक्यात पास झाली होती."

"मग इतकी वर्षं चालवली का नाही?"

कप्तानांनी पत्नीकडे पाहिलं. एक्सरेबाईंनी उत्तराची वाट बघत भुवया वर केल्या.

"मी होतो ना," कप्तान म्हणाले.

नात दोन दिवस बापाबरोबर लवकर गेली आणि शाळेच्या बंद फाटकापाशी बसून राहिली, त्याची तिने रीतसर तक्रार केली. त्या दोन दिवसांत एक्सरेबाई इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात गाडी फिरवत होत्या आणि कप्तान शेजारच्या सीटवर बसून दोन्ही पायांनी गाडीचा तळ दाबत होते. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर आल्या. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

"अहो, मागचा बोंबलतोय."

"बोंबलू दे. क्लच दाब. किल्ली फिरव."

"तुम्ही आधी पाय वर घ्या. तुम्ही दाबलं की मला वाटतं मीच दाबलं."

कप्तानांनी पाय मागे घेतले. गाडी सुरू झाली, एक आचका देऊन पुढे गेली आणि मग नीट चालायला लागली. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडीवाला निघायच्या बेतात होता. कप्तानांनी सांगायला तोंड उघडलं, तोवर एक्सरेबाईंनी ब्रेक दाबून त्याला हाताने पुढे जायची खूण केली होती.